आगाऊ दिवा

आमच्या घरात दिवे घालवण्याचं खातं गेली पन्नास वर्षं अप्पांकडे आहे. खोलीतून बाहेर पडताना ते बटण दाबतात. आत अजून कोणी आहे का, ही चौकशी नंतर. माझा दहावीचा अभ्यास, बहिणीची मेंदी आणि एकदा तर बाथरूममध्ये अंगभर साबण लावून उभे असलेले आमचे व्याही, या सगळ्यांवर अप्पांनी अंधार पाडलेला आहे. विजेचं बिल आलं की ते युनिटांचा आकडा मोठ्याने वाचतात, आणि ज्याच्यावर संशय असेल त्याच्याकडे बघत वाचतात.

अशा माणसाला आम्ही मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर नेलं. अप्पा मूळचे वेंगुर्ल्याचे. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने गावाला जायचे. डेकवर वळकटी पसरायची, ट्रंक उशाशी घ्यायची, आणि रात्रभर एक डोळा ट्रंकेवर ठेवून झोपायचं. ब्याऐंशीव्या वर्षी पुन्हा एकदा बोटीत बसवू, त्यांना बरं वाटेल, असं आम्हाला वाटलं. तिकिटांचे दर बघितल्यावर भावनेला थोडी मुरड घालावी लागली. बाल्कनीवाली केबिन परवडेना, खिडकीवालीही परवडेना, म्हणून ‘इनसाइड’ घेतली. दीडशे चौरस फुटांच्या खोलीत दोन पलंग खाली आणि तिसरा छतातून उघडणारा. तिसऱ्यावर मी. चढायला शिडी.

इनसाइड केबिनमधला अंधार काही औरच असतो. घरी दिवा घालवला तरी पडद्याच्या फटीतून सोसायटीच्या गेटवरचा बल्ब, वायफायच्या डबीचं हिरवं टिपूस, समोरच्यांचा देव्हारा, काही ना काही मिणमिणत असतंच. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बोटाने चाचपून बघावं लागतं. सकाळचे दहा आणि रात्रीचे दोन यांतला फरक फक्त पोटाला कळतो.

त्यात बाथरूमचा उंबरठा. बोट कलंडली की आंघोळीचं पाणी खोलीत येऊ नये म्हणून जहाजावर बाथरूमच्या दाराशी चांगला वीतभर कठडा उभा केलेला असतो. लग्नात सौ.ने माप ओलांडलं त्यानंतर एवढ्या जपून आमच्या घरात कोणी कुठलाच उंबरठा ओलांडला नव्हता, आणि मापाच्या वेळी निदान उजेड होता.

या सगळ्याची कल्पना सौ.ला आधीच होती. प्रवासाला निघण्यापूर्वी ती त्या विषयाचा अभ्यास करते. मी फक्त बॅगा उचलतो. तिने तीन सेन्सरवाले दिवे मागवले होते. बिस्किटाएवढी पांढरी चकती, आत सेल, पाठीला लोहचुंबक. केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, त्यामुळे ना खिळा लागतो ना चिकटपट्टी; चकती टेकवली की चिकटलीच. माणूस हलला की दिवा लागतो, वीस सेकंदांनी आपोआप जातो.

“पण बोट तर सारखी हलणार,” मी म्हटलं. “मग हा रात्रभर लागलेलाच राहील.”

“अहो, दिवा बोटीलाच चिकटलेला आहे ना? बोटीबरोबर तोही हलणार. त्याच्या दृष्टीने बोट जागेवरच.”

मी शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. सापेक्षता मला घरी शिकायला मिळाली.

बॅलार्ड पिअरला सामान यंत्रातून गेलं तेव्हा हे दिवे पास झाले. माझी एक्स्टेंशनची वायर मात्र बाजूला काढून ठेवली गेली. घरी आपल्याला दोन तारांपैकी एकीची भीती असते. बहुतेक जहाजांवर न्यूट्रल सांगाड्याला जोडलेला नसतो, म्हणजे दोन्ही तारांची भीती धरायची. त्यात सर्ज प्रोटेक्टरवाली वायर तापून पेटू शकते. हे मला त्या सुरक्षारक्षकाने सांगितलं नाही. तो फक्त म्हणाला, “उतरताना घेऊन जा काका.” परिणामी केबिनमध्ये आरशाच्या टेबलाशी असलेल्या एका प्लगवर आम्हा तिघांचे फोन पाळीपाळीने, पलंगांपासून लांब, चार्ज होत राहिले.

एक दिवा सौ.ने अप्पांच्या पलंगाच्या पायथ्याशी लावला, दुसरा उंबरठ्याजवळ, तिसरा कपाटात. अप्पांनी आल्याआल्या दाराजवळच्या खाचेतलं कार्ड उपसलं. ते कार्ड खाचेत असेल तरच केबिनचे दिवे लागतात, हे त्यांनी कोणी न सांगता अर्ध्या मिनिटात ओळखलं होतं.

“अप्पा, वीज तिकिटात आलीय.”

“तिकिटात आलीय म्हणून जाळायची काय?”

पहिल्या रात्री दीडच्या सुमाराला मला जाग आली. शिडीवरून उतरलो. पाऊल जमिनीला टेकलं आणि अप्पांच्या पायथ्याचा दिवा भस्सकन लागला. सौ.ने पिवळा मंद प्रकाश न घेता ट्यूबलाइटसारखा पांढराशुभ्र घेतलेला. (जहाज हाकणारे अधिकारी रात्री ब्रिजवर जवळजवळ काळोख ठेवतात, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत ती सगळी कमाई क्षणात घालवतो.) डोळे दिपले, आणि त्या झोतात माझ्या नाकासमोर एक पांढरं माकड लोंबकळताना दिसलं. आमच्या खोलीची झाडलोट करणाऱ्या मुलाने संध्याकाळी टॉवेलांचं माकड करून हँगरला टांगलं होतं, वर त्याला अप्पांचा चष्माही लावला होता. मी दचकून मागे सरलो ते थेट उंबरठ्यावर. पायाची करंगळी गेली.

आता तुम्ही विचाराल, उंबरठ्याजवळचा दिवा काय करत होता? तो झोपला होता. या दिव्यांना अंधार कळणारा एक डोळाही असतो. उजेड असेल तर ते लागत नाहीत, सेल वाचवतात. पहिल्या दिव्याने खोली उजळली, दुसऱ्याला वाटलं दिवस आहे. बरोबर उंबरठ्यावर सावली. दिव्याखाली अंधार असतो हे ऐकून होतो, दोन दिवे असले की तो नेमका कुठे पडतो ते त्या रात्री समजलं.

सकाळी नाश्त्याला पुण्याच्या एका काकूंनी माझं लंगडणं बघून आपुलकीने विचारलं, “बोट लागली का हो?”

“नाही,” सौ. म्हणाली, “बोटाला लागलं.”

खरा सामना दुसऱ्या रात्री झाला. पावणेतीन वाजले असतील. खाली अप्पा उठल्याची चाहूल लागली, आणि लगेच दिवा.

“कोणी लावला?”

उत्तर कोण देणार? झोपेचं सोंग घेण्यात सौ. तरबेज आहे, आणि मला वरच्या मजल्यावरून पुढे काय होतं ते बघायचं होतं. अप्पांनी बटण शोधलं. बटण पाठीमागे, चुंबकाच्या बाजूला, त्यांना सापडेना. मग कमरेवर हात ठेवून ते दिव्यासमोर उभे राहिले. माझं प्रगतिपुस्तक हातात घेऊन ते असेच उभे राहत. वीस सेकंद. दिवा गेला.

“हां!” अप्पा समाधानाने म्हणाले आणि वळले. दिवा लागला.

पुन्हा वळून उभे राहिले. पुन्हा गेला. या वेळी ते बराच वेळ हलले नाहीत, बहुधा दिवा विसरण्याची वाट बघत होते. मग त्यांनी फक्त एक हात उचलून कान खाजवला. दिवा लागला.

“काय मेलो आगाव दिवो हा!” रागावले की अप्पा मालवणीत शिरतात.

असं पाच-सहा वेळा झालं. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाला हा दिवा माणूस धरतच नाही, ही यातली गंमत. त्याच्या पोटात जो सेन्सर आहे तो उजेड बघत नाही, ऊब बघतो. आपल्या अंगातून जे उष्णतेचे किरण सतत बाहेर पडतात, साधारण नऊ-दहा मायक्रॉन तरंगलांबीचे, ते टिपणारे त्यात दोन तुकडे शेजारी शेजारी असतात. ऊब एकावरून दुसऱ्यावर सरकली की दोघांत तफावत पडते, आणि दिवा लागतो. ऊब जागेवर थांबली की तफावत नाही, म्हणून दिवा नाही. थोडक्यात, अप्पा शांत उभे राहिले की सेन्सरच्या लेखी ते फर्निचर. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी अप्पांना फर्निचर समजत होतं, आणि तेही चार पैशांचा दिवा.

पण अप्पा हार मानणारे नव्हेत. तिसऱ्या रात्रीपर्यंत त्यांनी असा शोध लावला की दिव्यासमोरून आडवं गेलं तर तो लगेच पेटतो, पण त्याला नाकासमोर धरून सरळ त्याच्याच दिशेने हळूहळू गेलं तर बराच वेळ त्याला पत्ता लागत नाही. हा शोध बरोबर आहे. तफावत आडव्या चालीनेच पडते. मला पुस्तकात वाचावं लागलं, अप्पांनी धोतरात प्रयोग करून काढलं. पहाटे चारला मी खाली पाहिलं तर ब्याऐंशी वर्षांचा माणूस मांजराच्या पावलांनी एका प्लास्टिकच्या चकतीवर चाल करून जात होता.

मधल्या दिवशी लक्षद्वीप झालं. निळं पाणी होतं, नारळ होते, सगळ्यांनी फोटो काढले. बोट लांब खोल पाण्यात उभी राहिली आणि आम्हाला छोट्या होडीतून बेटावर नेलं. अप्पा होडीत बसले, मागे वळून त्या अकरा मजली जहाजाकडे बघितलं आणि म्हणाले, “साठ वर्षांत काय सुधारणा झाली? वेंगुर्ल्यालाही बोट अशीच लांब उभी राहायची. फक्त तेव्हा होडीत कोंबड्या असायच्या.”

परतताना बोट गोव्याला थांबली. तिथून मुंबईकडे निघालो त्या शेवटच्या रात्री अप्पा जेवण झाल्यावर डेकवरच थांबले. उजव्या हाताला कुठेतरी कोकण होतं. बराच वेळ काळोखात बघत राहिल्यावर त्यांना एक लुकलुक दिसली. ती वेंगुर्ल्याच्या दीपगृहाची बत्ती होती की एखादा ट्रॉलर, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. अप्पांनी सांगितलं. “लागली… गेली… लागली,” ते पुटपुटत होते. आगबोटीवर लहानपणी ती बत्ती दिसली की आई ट्रंक आवळायला घ्यायची म्हणे.

मी संधी साधली. म्हटलं, अप्पा, तुमचा तो केबिनमधला दिवा या बत्तीचाच नातू. त्याच्यावर जो पांढरा खवल्याखवल्यांचा घुमट आहे ना, ती फ्रेनेल नावाच्या फ्रेंच इंजिनियरची भिंगाची युक्ती. जाड भिंगाऐवजी त्याचे पातळ पैलू पाडायचे. 1823 मध्ये ती पहिल्यांदा फ्रान्समधल्या कोर्दुआँच्या दीपगृहात बसली. दीपगृहात ती आतला उजेड एकवटून बाहेर फेकते, आपल्या चकतीत ती बाहेरची ऊब एकवटून आत घेते. भिंग काचेचं नाही, प्लास्टिकचं, एवढंच.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग समुद्राकडे बघत म्हणाले, “पण ही बत्ती बरी. आपली आपण जाते, कोणाला सांगावं लागत नाही.”

“अहो अप्पा, तोही आपला आपणच जातो!”

यावर ते काही बोलले नाहीत. पण केबिनमध्ये परतल्यावर त्यांनी त्या चकतीला एकदा बोट लावून बघितलं, आणि मला वाटलं, चला, मिटलं.

रात्री तीनला मला उठावं लागलं. शिडी उतरलो. पाऊल टेकलं. काळोख. हात हलवला, काळोख. दिव्यासमोर आडवा गेलो, निदान तसं मला वाटलं. काळोख. आणि मग उंबरठा. या खेपेस डाव्या पायाची.

“कोण आहे?” अप्पांचा आवाज.

“मी.”

“काळोखात काय करतोस? दिवा लाव.”

“दिवे कुठे गेले?”

“मी काढून ठेवले. सकाळी उतरायचंच आहे, उगाच सेल कशाला जाळायचे? घरी जिन्यात लावू.”

“कुठे ठेवले?”

“चिवड्याच्या रिकाम्या डब्यात.”

“आणि डबा कुठे आहे?”

अप्पांनी अंथरुणातच थोडा विचार केला असावा. दाराजवळचं कार्डही त्यांच्याच उशीखाली होतं, पण ते मला नंतर कळलं.

“आता तो मी असा काळोखात कसा सांगू?” ते म्हणाले. “आधी दिवा लाव.”