सात आडवा येतो

३८,१६,५४,७२९. अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस. दिसायला अगदीच सामान्य. हिच्याकडे कुणी वळूनही बघणार नाही. पण इतकी समजूतदार संख्या मला तरी दुसरी माहीत नाही.

१ ते ९ हे सगळे अंक तिच्यात एकेकदाच आलेत. आता डावीकडून निघा. ३८ला दोनाने पूर्ण भाग जातो, ३८१ला तिनाने, ३८१६ला चाराने, ३८१६५ला पाचाने, आणि असंच करत शेवटी अख्ख्या संख्येला नवाने. दर वेळी एक अंक वाढतो, त्याच्याबरोबर एक वाटेकरीही वाढतो, तरी बाकी काही उरत नाही. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटण्या अशा झाल्या असत्या, तर तालुक्याच्या कोर्टात माश्याच उरल्या असत्या.

नऊ अंक एकेकदा वापरून ३,६२,८८० संख्या होतात. त्यांतली नेमकी हीच का? बहुतेक उमेदवार तर शाळेतल्या विभाज्यतेच्या कसोट्यांनीच गारद होतात. पाचव्या जागी ५ हवाच. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक, म्हणजे उरलेल्या जागा विषमांच्या. चौथ्या अंकाआधी विषम अंक असल्यामुळे तिथे फक्त २ किंवा ६ चालतो. मग तिनाची कसोटी लावली की मधले तीन अंक २५८ तरी असतात, नाहीतर ६५४. आठाची कसोटी आणखी छाटणी करते. पेन्सिल घेऊन बसलात तर फार वेळ न जाता साडेतीन लाखांतले दहाच जण शिल्लक राहतात.

इथवर सगळं सुरळीत. मग सात येतो. शाळेत दोन, तीन, पाच, नवाच्या कसोट्या घोटून घेतात. सातापाशी आलं की गुरुजी सरळ भागाकार करायला सांगतात. या गृहस्थाला सवलत म्हणून देता येत नाही.

या दहांत एक उमेदवार भलताच रुबाबदार आहे : ९८,७६,५४,३२१. नऊपासून एकापर्यंत शिस्तीत उतरत आलेला. दोन, तीन, चार, पाच, सहा, सगळ्यांना तो खूश करतो. आठ आणि नवाचीही तक्रार नाही. फक्त ९८७६५४३ला साताने भागलं की पाच उरतात, आणि एवढ्यावरून सात त्याला घरी पाठवतो. मला वाईट वाटतं, खरंच. इतकी देखणी संख्या! पण सातापुढे देखणेपणाला काय किंमत? दहांपैकी नऊ जण तो परत पाठवतो आणि ३८१६५४७पाशी येऊन गप्प होतो. सात गुणिले ५,४५,२२१. बोट ठेवायला जागा नाही.

शून्य मात्र एवढा वेळ बाहेरच बसलेलं. त्याला शेवटी नेऊन बसवा : ३,८१,६५,४७,२९०. दहाही अंक आले आणि दहाने भागही गेला. शून्याने त्यासाठी काही केलं असं म्हणवत नाही, पण श्रेयाच्या वेळी तेही रांगेत आहे.