व्याह्यांना मुखडा, भावकीला अंतरा

जळगावच्या मेहरूणमध्ये तलावाच्या बाजूच्या कुठल्याही कॉलनीत लग्नाचा पन्नासावा वाढदिवस किंवा एकसष्टी ठरली, की वरण-बट्टीच्या आचाऱ्याच्या आधी एका माणसाला सांगावा जातो. त्यांना आपण नाना म्हणू. खान्देशात नाना नाही असं घर सहसा सापडत नाही, आणि हे काम बहुधा नानांच्याच गळ्यात पडतं. नाना नुकतेच निवृत्त झालेले असतात. चष्मा कपाळावर, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर आणि शेजारी तीन घरांतून गोळा झालेले अल्बम. प्लॅस्टिकला चिकटलेले फोटो सुटत नाहीत, म्हणून त्यांचे तसेच मोबाइलवर फोटो काढलेले. त्यामुळे आजोबांच्या कपाळावर गंधाच्या जागी ट्यूबलाइटची उभी पांढरी रेघ. हे सगळे फोटो एकामागून एक लावायचे आणि मागे गाणं सोडायचं, एवढंच नानांचं काम, असा घरच्यांचा समज. ‘तुम्हाला हौस आहे म्हणून सांगितलं हो,’ असं म्हणून वहिनी मोकळ्या होतात. माझं म्हणणं असं की नानांना हौशी समजणं हा मोठा गैरसमज आहे. त्या संध्याकाळपुरते नाना हे घरातले सर्वांत ताकदवान गृहस्थ असतात, आणि ती ताकद फोटोंत नसते, गाण्यात असते.

साधा हिशेब बघा. गाणं चार मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांचं, म्हणजे २८८ सेकंद. एका फोटोला चार सेकंद दिले तर ७२ फोटो बसतात. आलेले असतात चारशे. म्हणजे सव्वातीनशेच्या वर फोटो वगळायचे, आणि वगळलेल्या प्रत्येक फोटोत कोणाची तरी सासू उभी असते. दुसऱ्या कोणी ही कात्री चालवली असती तर भावकीत कायमचा अबोला झाला असता. नाना मात्र हात वर करतात: ‘मी काय करू? गाणंच संपलं.’ गाण्यापुढे कोणाचं काही चालत नाही. शिवाय संपण्याआधी गाण्याने माणसांना जागा वाटून दिलेल्या असतात. मुखडा पुन्हा पुन्हा येतो, ओळखीचा असतो, तिथे लोक हातातली ताटं विसरून वर बघतात; म्हणून मुखड्यावर व्याही. पहिल्या फेरीला थोरले जावई, दुसऱ्या फेरीला धाकटे. अंतऱ्यावर भावकी, कारण मुखडा दिला तरी ती रुसणारच असते. मधल्या म्युझिकवर शेजारी, ऑफिसातली मंडळी आणि अष्टविनायकाच्या सहलीतली ती बस. ज्या काकांशी बोलणं बंद आहे त्यांना वगळताही येत नाही आणि मोठंही करता येत नाही. ते सुरुवातीच्या नुसत्या व्हायोलिनवर येऊन जातात, लोक अजून खुर्च्या सरकवत असताना. फोटो होता, तक्रारीला जागा नाही. परराष्ट्र खात्यातल्या शिष्टाचाराच्या अधिकाऱ्यांनी एकदा मेहरूणला येऊन जायला हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळं तुमच्या डोक्यातलं. नाना आपलं आवडीचं गाणं लावतात, बाकी जुळलं ते जुळलं. तसं असतं तर कुठलंही आवडीचं गाणं चाललं असतं. ते चालत नाही. राष्ट्रीय दुखवट्यात आकाशवाणी आणि दूरदर्शनने एका अख्ख्या पिढीच्या कानात सारंगी अशी बसवून ठेवली आहे, की हसऱ्या आजीच्या फोटोमागे ती वाजली तर अर्धा हॉल ‘कधी गेल्या?’ म्हणून विचारील. त्याच फोटोला बासरी लावा, आजी गोड दिसू लागते. आजीने मधल्या मध्ये काहीच केलेलं नसतं. अमेरिकेत केन बर्न्स या गृहस्थांनी १९९० साली ‘द सिव्हिल वॉर’ नावाची माहितीपट मालिका केली. १८६०च्या दशकातले स्तब्ध फोटो, त्यांच्यावरून हळूहळू सरकणारा कॅमेरा (नाना चेहऱ्यावर ‘झूम’ टाकतात ते याच घराण्यातलं) आणि मागे फिडलवर ‘अशोकन फेअरवेल’ ही धून. ती त्या युद्धाच्याच काळातली असणार असं कित्येक प्रेक्षकांना वाटलं. प्रत्यक्षात ती जे उंगर यांनी १९८२ साली रचलेली. अमेरिकेतले प्रेक्षक एकशेवीस वर्षांनी फसले, तर मेहरूणच्या मंगल कार्यालयाने काय पाप केलं आहे? नाना १९७४च्या लग्नाच्या फोटोंवर २००१च्या ‘कभी खुशी कभी गम’मधलं गाणं टाकतात, आणि काळ्या-पांढऱ्या नवरदेवाच्या घाबरलेल्या चेहऱ्यावर लोकांना अथांग प्रेम दिसू लागतं. त्या दिवशी नवरदेवाला बहुधा बूट लागत होते. सॅक्सोफोनचा मोह मात्र जाणते नाना टाळतात. केनी जी यांची १९८९ची ‘गोइंग होम’ ही धून चीनमध्ये दुकानं आणि मॉल बंद व्हायच्या वेळी वाजवतात, आणि ती ऐकून लोक घराकडे निघतात. बट्टी तळून व्हायची असताना ही जोखीम कोण घेईल?

दुसरा आक्षेप असा, की हे संगणकाने आणलेलं फॅड आहे. संगणकाचा हात आहे, नाही म्हणता येत नाही. विंडोज मूव्ही मेकर २००० साली आला, २०१७ साली मायक्रोसॉफ्टने बंद केला, आणि नानांच्या जुन्या लॅपटॉपवर तो अजून सुखाने नांदतो आहे. पण ओळीने चित्रं दाखवायची आणि त्यांना गाण्याची साथ द्यायची, हे काम आपल्याकडे फार जुनं. सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरून वाद्यांच्या साथीने कथा गातात. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९०च्या दशकात ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडात पडद्यावर पाडली, तीही मुक्याने नव्हे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्या मूकपटांच्या जमान्यात पडद्यापाशी पेटी-तबलेवाले बसत. नानांचा वंश तपासला तर तो असा कल्याण-पिंगुळीपर्यंत जातो. फरक एकच, की चित्रकथ्यापुढे बसलेल्यांत कोणी रामायणातल्या पात्रांचा साडू नसे.

सर्वांत वजनदार आक्षेप याच जिल्ह्यातून येतो. चाळीसगावचे केकी मूस यांनी रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ कोंडून घेऊन आयुष्य काढलं, टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंमधून निसर्गदृश्यं उभी केली आणि त्या फोटोंवर देशोदेशीची बक्षिसं मिळवली. त्यांचा एकही फोटो गाण्यावाचून अडला नाही. चांगला फोटो स्वतःच बोलतो, मग नानांच्या गाण्याची गरज काय? आक्षेप खरा आहे, पण तो चांगल्या फोटोंपुरता. कुटुंबाच्या अल्बममधला फोटो हा बहुतेक वेळा फोटो नसतोच, तो हजेरीपट असतो. बोरीच्या झाडाखाली चौदा माणसं, त्यांतल्या सहांचे डोळे मिटलेले, एकाचं तोंड आचाऱ्याकडे, कोपऱ्यात लाल आकड्यांत चुकीची तारीख आणि फोटो काढणाऱ्याचा अंगठा. असा फोटो शांततेत चार सेकंद पाहिला की माणूस अंगठाच बघत बसतो. गाणं त्याला अंगठ्यापासून सोडवतं.

राहता राहिला पुतण्या. तो म्हणतो, ‘नाना, मोबाइलवरचं ॲप हे सगळं एका मिनिटात करतं, गाणंसुद्धा तेच निवडतं.’ करतं ना. ॲपला ठेका कळतो आणि तो आपल्यापेक्षा चांगला कळतो. पण हार घातलेला आबांचा फोटो सत्काराचा नाही, हे त्याला कळत नाही. ते आबांना ढोलाच्या ठोक्यावर उडवत आणतं आणि पुढच्या ठोक्याला केक कापतं.

तरीही ज्यांना गाण्याचा महिमा पटत नसेल, त्यांच्यासाठी एक प्रयोग आयताच उपलब्ध आहे. कार्यक्रम झाल्यावर पुण्या-मुंबईच्या आणि अमेरिकेतल्या मंडळींसाठी नाना तो व्हिडिओ यूट्यूबवर चढवतात. वरातीत गाणं वाजवायला आपल्याकडे आडकाठी नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये धार्मिक विधींना सूट आहे, आणि लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले सोहळे त्यांतच मोडतात. लग्नाचा पन्नासावा वाढदिवस लग्नाशी जोडलेला मानायचा की कसं, यावर वकिलांनी खुशाल वाद घालावा. यूट्यूबची यंत्रणा वाद घालत नाही. ती गाणं ओळखते आणि मालकाने तसं सांगून ठेवलेलं असेल तर आवाज बंद करून टाकते. फोटो तेच, क्रम तोच, सेकंद तेवढेच. फक्त गाणं गेलेलं. आणि हॉलमध्ये डोळे पुसणारी तीच माणसं आता बोटांवर मोजू लागतात. व्याह्यांचे अकरा, आमचे चारच? धाकट्या जावयाचा नवी गाडी घेतल्याचा फोटो कशाला? आंब्याच्या रसाच्या पंगतीत आईला पाठमोरी का दाखवली? बोलणं बंद असलेले काका सुरुवातीलाच ठळक दिसतात, कारण आता खुर्च्या सरकत नसतात. पारोळ्याच्या आत्यांचा फोन येतो, ‘नाना, मना फोटो काब्र नही?’ आत्या दोनदा होत्या. दोन्हीदा मुखड्यावर होत्या. पण मुखडाच ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांना तरी त्या कशा दिसाव्यात?

नाना वाद घालत नाहीत. ‘बघतो हो आत्या,’ एवढंच म्हणून यूट्यूबच्याच फुकट संगीताच्या साठ्यात रात्री उशिरापर्यंत बसतात. शेवटी एक गिटारची धून सापडते. कोणी केली, कुठल्या देशातली, कोणाला ठाऊक नाही, आणि ती लावल्यावर कोणी तक्रारही करत नाही. ती आहे पाच मिनिटं दहा सेकंदांची, म्हणजे आधीपेक्षा बावीस सेकंद जास्त. पाच जागा वाढल्या. त्यांतल्या दोन पारोळ्याला गेल्या.