द्यूताध्यक्षांच्या दारी

आयुष्याची तेहतीस वर्षे कोषागारात, म्हणजे परक्याच्या पैशाची किर्द-खतावणी लिहिण्यात, घालवलेल्या मनुष्याला सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या पैशाचे काय करावे हे एकाएकी सुचेनासे होते. आणि अशा दुर्बल घटकेस एखादा स्नेही नवी कोरी मोटार घेऊन दारात उभा राहिला व "दोन दिवस पणजीला जाऊन येऊ, सहकुटुंब," असे म्हणाला, तर नकार देण्यास लागणारे मनोधैर्य त्याच्या ठायी उरलेले नसते. आमचे हे स्नेही एका बँकेत शाखाधिकारी होते. कर्ज मागावयास आलेल्या मनुष्याकडे ज्या नजरेने पाहावे लागते ती नजर त्यांच्या मुद्रेवर कायमची वस्तीला आलेली असून, भाजीवालीपासून जावयापर्यंत सर्वांना ती सारखीच भोगावी लागते. तथापि पणजीच्या कॅसिनोचे नाव निघताच ती नजर मावळली, आणि त्यांनी अत्यंत खालच्या आवाजात आम्हांस सांगितले, की त्यांच्यापाशी एक 'पद्धत' आहे.

कोल्हापूर ते पणजी हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरांच्या आतबाहेरचे. एवढ्या प्रवासात दोन दांपत्यांची मैत्री टिकणे शक्य आहे, परंतु त्यासाठी काही पूर्वतयारी लागते. आमच्या स्नेह्यांनी ती कागल येण्यापूर्वीच केली. त्यांनी एक वही काढून आमच्या हाती दिली, तीत डिझेल, टोल, चहा व 'किरकोळ' असे चार रकाने आखलेले होते, आणि मोटार त्यांची असल्यामुळे झिजेपोटी काही आकार लावावा की काय या प्रश्नावर त्यांनी आमचे मत कोषागाराचा एक अनुभवी माणूस या नात्याने विचारले. आम्ही मत दिले नाही. मागील आसनावर आमचे कुटुंब आणि वहिनी यांनी तोवर लाडवांचा डबा उघडला होता आणि पुढे काय चालले आहे याकडे त्यांचे लक्ष नव्हते, किंवा होते पण तसे दाखविण्याइतक्या त्या अननुभवी नव्हत्या.

ज्या निपाणीसह सीमाभागासाठी महाराष्ट्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात कर्नाटकाशी भांडतो आहे ती निपाणी आम्ही एका चहात ओलांडली (रकाना तिसरा, रुपये साठ), उत्तूर-आजऱ्यावरून पुन्हा स्वराज्यात आलो आणि आंबोलीच्या धुक्यात शिरलो. घाटात भाजलेल्या कणसाचा भाव ऐकून स्नेह्यांनी विक्रेत्याशी जो वाद घातला तो आम्ही येथे विस्ताराने देत नाही. तो दहा रुपयांचा होता, एवढीच नोंद ठेवावी.

सावंतवाडीत मात्र आम्ही रेंगाळलो, आणि त्याबद्दल खेद नाही. येथील राजवाड्यात आजही गंजिफा रंगविल्या जातात. गोल, लाखेने चकाकणारी पाने. दशावतारी संच असेल तर दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण १२०. मत्स्यापासून कल्कीपर्यंत सारे अवतार हाती धरून बसलेल्या मनुष्यास जुगारी म्हणण्याची कोणाची प्राज्ञा होणार! आमच्या पूर्वजांची ही योजना आम्हांस फार परिपक्व वाटते. नामस्मरणही होते आणि डावही निघतो. आमच्या कुटुंबाने एका संचाची किंमत विचारली. ती ऐकून स्नेही म्हणाले, "पत्त्यांसाठी एवढे पैसे? वेड लागलंय का?" हे वाक्य आम्ही वहीत कोणत्या रकान्यात लिहावे हे न कळल्यामुळे लिहिले नाही.

पुढे बांदा, आणि त्यापुढे पत्रादेवी. १५ ऑगस्ट १९५५ रोजी याच सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रही परवाना न विचारता पोर्तुगीज मुलखात शिरले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. हुतात्म्यांचे स्मारक रस्त्याजवळच आहे. तेथे थांबावे असे वहिनींनी सुचविले. स्नेह्यांनी घड्याळ पाहिले व परत येताना थांबू असे ठरले. परत येताना पाऊस होता.

येथे वाचकांस थोडा कायदा ऐकवणे प्राप्त आहे. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देण्याचा व त्यांवर कर बसविण्याचा कायदा संमत केला. आणि त्याच साली गोवा, दमण व दीव या संघप्रदेशाने सार्वजनिक जुगारास मनाई करणारा कायदा संमत केला. परिणाम असा, की ज्या महाराष्ट्राने अनुज्ञा दिली तेथे एकही कॅसिनो उघडला नाही, कारण तो कायदा अमलात आणण्याचे कोणास धैर्य झाले नाही, आणि सत्तेचाळीस वर्षे दफ्तरात निजल्यावर २०२३ साली त्याला मूठमाती देण्याचे ठरले. उलट ज्या गोव्याने मनाई केली तेथे त्या मनाईच्याच कायद्याला १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांपुरती एक फट पाडण्यात आली, १९९६ साली ती जहाजांपुरती रुंदावण्यात आली, आणि आज मांडवीच्या पात्रात जी दीपमाळ रात्रभर झगमगते ती सर्व त्या मनाईच्या आधारावर तरंगते आहे. आपल्याकडे एखादी गोष्ट भरभराटीस आणावयाची तर प्रथम तिला बंदी घालावी, हे गोव्याला उमगले. महाराष्ट्राने भाबडेपणाने परवानगी दिली आणि घात करून घेतला. अर्थात महाराष्ट्रालाही अगदीच अजाण म्हणता येत नाही. त्याच्या एका हाती १८८७ सालचा जुगारप्रतिबंधक कायदा आहे आणि दुसऱ्या हाती १९६९ पासून राज्य लॉटरीचे तिकीट.

म्हापशास वहिनींचे माहेर. तेथे त्यांच्या धाकट्या बंधूंनी आमचे आदरातिथ्य केले, सोलकढी पाजली, आणि पणजीपर्यंत वाट दाखविण्यास ते स्वतः मोटारीत बसले; त्यामुळे मागे तिघे झाले व डिझेलाच्या विभागणीचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला. पर्वरीचा उतार संपून मांडवीचा पूल लागला आणि खाली नदीत ती जहाजे दिसली. कायद्याच्या भाषेत यांना समुद्रातील म्हणतात. ती नदीत आहेत. जहाज म्हणजे जे जाते ते, अशी आमची जुनी समजूत; ही जात नाहीत, नांगरून उभी राहतात.

ज्या तीरावरून होडीने त्या जहाजांकडे जावयाचे त्या तीरावर आदिलशाहाचा जुना राजवाडा आहे, आणि त्याच्या कडेला आबे फारियाचा पुतळा. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा गोमंतकीय पाद्री पुढे पॅरिसमध्ये संमोहनविद्येचा आद्य आचार्य म्हणून गाजला. पुतळ्यात तो एका स्त्रीवर दोन्ही हात पसरून उभा आहे आणि ती भान हरपून कलंडते आहे. १९४५ साली तो उभारणाऱ्या शिल्पकार कामतांना पुढे या किनाऱ्यावर काय उद्योग सुरू होणार याची कल्पना असणे शक्य नाही. परंतु त्या उद्योगासाठी याहून समर्पक पाटी आजतागायत कोणी रंगविलेली नाही.

धक्क्यावर ओळखपत्रांची तपासणी झाली. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांस कॅसिनोत प्रवेश नाही. प्रजेच्या नीतिमत्तेची एवढी काळजी वाहणारे सरकार विरळा. पाहुण्यांची नीतिमत्ता पाहुण्यांनी सांभाळावी. वहिनी म्हापशात जन्मल्या, म्हापशात वाढल्या, मात्र कोल्हापुरात दिल्या गेल्या, सबब त्यांच्या आधारपत्रावर पत्ता कोल्हापूरचा होता आणि त्यांना आत सोडण्यात आले. त्यांच्या बंधूंना बाहेर ठेवण्यात आले. विवाहाने स्त्रीस कोणते अधिकार प्राप्त होतात याची जी यादी स्मृतिकारांनी दिली आहे, तीत ही भर घालावी. "भावोजी, तुम्ही जाऊन या," बंधू म्हणाले, "मी हंयच बाजारात फिरतंय."

कौटिल्याने द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमावयास सांगितले आहे. सर्वांनी एकाच ठिकाणी खेळावे, फाशांचे भाडे, जागेचे व पाण्याचे पैसे निराळे द्यावेत, आणि जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच वसूल करावे, असा त्याचा शिरस्ता. आम्ही महसुलाच्या वातावरणात हयात काढली असल्यामुळे कौटिल्याविषयी आम्हांस आदर आहे, पण या प्रकरणी तो कच्चा निघाला असे म्हणणे भाग आहे. जिंकणारा कोण निघतो याची तो वाट पाहात बसे. हल्लीचा खजिना थांबत नाही. तुम्ही सोंगटीवजा चिपा विकत घेता त्याच क्षणी, फासा पडण्यापूर्वी, तो आपला वाटा घेतो, आणि हा वाटा ऑक्टोबर २०२३ मध्ये शेकडा २८ होता तो सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० झाला आहे. टेबलावर दोघे खेळतात असे वरवर दिसते. तिसरा कधीच हरत नाही आणि त्याला बसावयास खुर्चीही लागत नाही.

आता ती पद्धत. रूलेटच्या चक्रावर ३७ घरे: अठरा लाल, अठरा काळी, आणि एक हिरवे, शून्याचे. (१ ते ३६ या अंकांची बेरीज ६६६ भरते, हे आम्ही बसल्या बसल्या करून पाहिले, जुनी सवय.) लालवर शंभर लावावेत, हरल्यास दोनशे, पुन्हा हरल्यास चारशे, याप्रमाणे दुप्पट करीत जावे, लाल केव्हातरी येणारच, आणि येईल तेव्हा सर्व नुकसान भरून वर शंभर रुपये सुटतील. कर्जदाराला बुडीत कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज देण्याची जी रीत आहे तिच्याशी या पद्धतीचे साम्य आमच्या लक्षात आले, पण स्नेह्यांच्या पूर्वायुष्याचा मान राखून आम्ही गप्प बसलो. काळा रंग ओळीने तीनदा आल्यावर मात्र राहवेना, आणि १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोत काळा ओळीने २६ वेळा आला होता, हे आम्ही त्यांच्या कानावर घातले.

"ते परदेशात," स्नेही म्हणाले व आठशे लावले.

चौथ्यांदा काळा, पाचव्यांदाही काळा. सहाव्या खेपेस ३२०० रुपये लालवर ठेवण्यात आले, गोळी फिरली, अडखळली, आणि हिरव्या घरात विसावली. ज्या शून्याच्या गणिताचे नियम ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये घालून दिले आणि ज्याबद्दल आम्ही भारतीय जगाकडून कायम आभाराची अपेक्षा करतो, त्या शून्यावर सर्व कॅसिनोंचा प्रपंच चालतो. ते एक घर नसते तर हा सौदा बरोबरीचा झाला असता. एकूण गेले ६३०० रुपये. शंभर रुपये मिळविण्यासाठी आता ६४०० हवे होते, आणि ते वहिनींच्या पर्समध्ये होते.

वहिनी अंदर-बाहरच्या टेबलाशी होत्या. प्रवेशशुल्कात ज्या चिपा मिळतात त्या खेळता येतात पण मोडून मिळत नाहीत. त्यांवर जे जिंकाल ते मात्र मोडता येते. हा भेद दोघींनी पहिल्या पाच मिनिटांत हेरला, फुकटच्या चिपा संपेतो खेळल्या, जे दोन हजार आले ते रोख करून घेतले, आणि उरलेला सर्व वेळ भोजनाच्या दालनात प्रवेशशुल्काच्या वसुलीस लावला. स्नेही तेथे पोहोचले तेव्हा आमचे कुटुंब तिसऱ्यांदा बेबिंक घेत होते. पुढील फेरीस लाल आला होता, हे त्यांनी दोघींना सांगितले. होडीत आम्हांस सांगितले. धक्क्यावर उतरल्यावर पुन्हा सांगितले.

बंधू फारियाच्या पुतळ्यापाशी वाट पाहात होते. वेळ कसा काढलात असे बहिणीने विचारताच त्यांनी खिशातून घडी केलेले एक लॉटरीचे तिकीट काढून दाखविले. सरकारी आहे, असेही सांगितले. स्नेह्यांनी ते हाती घेतले, दिव्याच्या उजेडात नेले, कर्जाचा अर्ज तपासावा तसे दोन्ही बाजूंनी तपासले आणि कपाळाला आठी घालून परत केले.

"शेवटचा आकडा शून्य आहे," ते म्हणाले. "बदलून घ्या."