बिनकावळ्याचं श्राद्ध

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मेक्सिकोतल्या वाहाका शहरात जिवंत माणसाला खोली मिळणं महाकठीण. मेलेल्यांची मात्र चैन असते. त्यांना आगाऊ नोंदणी लागत नाही, व्हिसा लागत नाही, आणि नाश्ता भाड्यात धरलाय का हेही विचारावं लागत नाही. अख्खं शहर त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं असतं. आम्ही पडलो जिवंत. त्यामुळे एका आजीबाईंच्या घरातली मागची खोली, तीही चांगल्या हॉटेलच्या भावाने, पदरात पडली.

आम्ही म्हणजे मी आणि माझी मिरजेची मावशी. ती लेकीकडे ह्यूस्टनला आली होती. मी मेक्सिकोला जातोय म्हटल्यावर तिने आधी तोंड वाकडं केलं आणि कशासाठी जातोय हे कळल्यावर बॅग भरली. सासरच्या कैक पितरांची श्राद्धं तिने रांधलेली आहेत. भरड्याचे वडे आणि आमसुलाची चटणी यांत तिचा हात धरणारं मिरजेत कुणी नाही. "बघू तरी, परक्या मुलखातले पितर काय जेवतात," असं म्हणून ती विमानात बसली.

वाहाका हे स्पॅनिश अमदानीतलं शहर. हिरवट दगडाच्या इमारती, भूकंपाच्या धास्तीने बसकी आणि जाडजूड बांधलेली चर्चेस, आखीव रस्ते. १९८७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवलं. सांतो दोमिंगो चर्चमध्ये शिरल्याशिरल्या डोक्यावरच्या छतावर सोनेरी वेल पसरलेला दिसतो. ती संत डॉमिनिकच्या घराण्याची वंशावळ आहे. फांदीफांदीवर एकेक पूर्वज ऐटीत बसलाय. मावशीने मान दुखेपर्यंत ती पाहिली. "जमिनीचा दावा असणार," ती म्हणाली. "त्याशिवाय एवढी वंशावळ कुणी काढत नाही."

शेजारच्या डोंगरावर मोंते अल्बान आहे. तिथले सापोतेक लोक आपल्या माणसांना राहत्या घराच्या अंगणाखालीच पुरत. त्यामुळे पितरांना लांबून बोलवायचा प्रश्नच नव्हता, जमिनीवर टाच आपटली की काम झालं. पुढे स्पॅनिश पाद्री १ आणि २ नोव्हेंबरचे आपले सण घेऊन आले. इथल्यांनी तारखा त्यांच्या घेतल्या आणि आतला मालमसाला बराचसा आपलाच ठेवला.

बाजारात झेंडूचे डोंगर लागले होते. मावशी म्हणाली, "दसरा होऊन गेला की रे!" झेंडू मूळचा इथलाच. आपल्याकडे तो मागाहून आला आणि थेट तोरणात जाऊन बसला. इथे त्याच्याकडे वाटाड्याचं काम आहे. त्याच्या वासाने मृतांना घर सापडतं, म्हणून रस्त्यापासून घरातल्या वेदीपर्यंत पाकळ्यांची वाट घालतात. मावशीने फुलवालीशी मराठीतून घासाघीस केली, फुलवालीने स्पॅनिशमधून. कोण कुणाचा काय अपमान करतंय हे दोघींनाही कळत नसल्याने सौदा चटकन पटला.

घरी आजीबाईंनी वेदी सजवली होती. उसाची कमान, झेंडूबरोबर लालभडक कोंबड्याची फुलं, मेणबत्त्या, कोपालच्या राळेचा धूर. प्रवासाने घसा सुकलेल्या आत्म्यासाठी पाणी. चिमूटभर मीठ. वर इवलासा रंगीत चेहरा खोचलेला अंड्याचा पाव. कोंबडीवर काळाकुट्ट मोले, ज्यात जाळलेल्या मिरच्यांपासून चॉकलेटपर्यंत सगळं असतं. दिवंगत आजोबांसाठी बिअर आणि सिगारेटचं पाकीट. एका कडेला छोटं खेळणं आणि बिनतिखटाचा घास होता. लहान मुलं १ तारखेला येतात, मोठी माणसं २ तारखेला. त्या खेळण्यापाशी मावशी काही बोलली नाही. मग तिने पदर खोचून तपासणी सुरू केली.

"कांदालसूण आहे का यात?"

"दोन्ही आहे."

"बरं. आणि कावळा?"

कावळा नाही, म्हटलं. भटजी नाही, दर्भ नाही. पितर स्वतःच दारातून आत येतात, जेवणाचा वास घेतात आणि जातात.

मावशीला हे पटेना. तिच्या सासऱ्यांच्या दहाव्याला कावळा भर दुपारपर्यंत पिंडाला शिवला नव्हता. अखेर थोरल्या दिरांनी घाटावर सर्वांदेखत बांधावरचा दावा मागे घेण्याचं कबूल केलं, तेव्हा कुठे महाराज खाली उतरले. "कावळाच नाही," ती म्हणाली, "तर रागावलेत की खूश झालेत, हे कळायचं कसं?"

"इथे कुणी रागावत नसावं."

"मग ते पितर कसले!"

हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. आपण पितरांना घाबरून जेवू घालतो, हे लोक त्यांची थट्टा करत जेवू घालतात. साखरेच्या कवट्या करून पोरांना चघळायला देतात. या दिवसांत वर्तमानपत्रं धडधाकट पुढाऱ्यांवर, ते मेलेत असं धरून, चावट कविता छापतात. आपल्याकडे हे सुरू झालं तर पुरवणी पुरायची नाही आणि संपादकही उरायचा नाही. मेक्सिको सिटीतली भली थोरली मिरवणूक तर आधी २०१५ च्या जेम्स बाँडच्या सिनेमात निघाली, मग २०१६ पासून खरोखरीची निघू लागली. परंपरेचं वय कधी विचारू नये.

३१ तारखेच्या रात्री होहोकोत्लानच्या दफनभूमीत गेलो. हजारो मेणबत्त्या, थडग्यांवर फुलांचे गालिचे, कडेला घोंगड्या पांघरून बसलेली कुटुंबं, मध्येच पैसे घेऊन मृताच्या आवडीचं गाणं वाजवणारे वादक. अर्ध्या तोंडाला कवटी रंगवलेले पर्यटक कॅमेरे परजत फिरत होते. त्या गर्दीत भुतासारखे दिसत होते ते तेवढेच. एका बाईंनी मावशीला खुर्ची दिली, हातात गरम चॉकलेट दिलं आणि थडग्याकडे बोट दाखवून नवऱ्याविषयी बहुधा तक्रारी सुरू केल्या. मावशीने आपल्या तक्रारी मराठीतून मांडल्या. बराच वेळ छान चाललं.

दोन तारखेला आजीबाईंनी खुणेने विचारलं, तुमच्या कुणाचा फोटो आहे का? मावशीच्या पर्समध्ये काकांचा पासपोर्ट साईजचा फोटो होता. "एवढ्या लांब यायचे नाहीत ते," ती पुटपुटली, "कोल्हापूरच्या पुढे कधी एकटे गेले नाहीत." पण फोटो काढून दिला. त्यांच्यापुढे लसूण-मिरचीत परतलेले शेंगदाणे मांडले. आजीबाईंनी प्रेमाने तळलेल्या नाकतोड्यांची वाटीही सरकवली. मावशीने ती तितक्याच प्रेमाने शेजारच्या मयताकडे सारली. "आमचे हे शाकाहारी."

मग आजीबाईंनी काकांपुढे मेस्कालचा छोटा पेला ठेवला. मी ते मद्य असल्याचं मावशीला सांगून टाकलं आणि पेला उचलायला हात पुढे केला. तिने माझा हात बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "आजवर देशपांड्यांच्या गच्चीत चोरून घेत होते. मला काय माहीत नव्हतं?"