वायच करंट

"काय नाय ता, करंटचो प्रॉब्लेम." मशीनचं झाकण उघडायच्या आधीच देवबागच्या आमच्या मामाचं निदान झालेलं असतं. मिक्सर बिघडू दे, मावशीचा गुडघा धरू दे नाहीतर मुंबईत भाच्याची बढती अडू दे, मामाच्या मते सगळ्यांनाच वायच करंट कमी पडतो.

मशीन म्हणजे त्याच्या होडीमागे टांगलेलं जुनं दोन सिलिंडरचं आउटबोर्ड. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या आधीचं. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, सगळं फ्लायव्हीलच्या पोटात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा ते मांगरात पडून असतं आणि पॉइंटवर ओल धरतं. नारळी पौर्णिमेला मामा समुद्राला नारळ देतो, येऊन दोरी ओढतो. समुद्र प्रसन्न झालेला असतो, मशीन नाही.

मग प्लग निघतात. ओले असले तर चिमट्यात धरून मामीच्या गॅसवर भाजायचे. "वांगा भाजूक गॅस मोकळो नाय, ह्येंचे प्लग भाजतत," मामी म्हणते. काजळी खरवडायला तिचाच तारेचा चोथा, फट मापायला हॅक्सॉचं जुनं पातं. नंतर प्लग टोपीत बसवून मशीनच्या उघड्या लोखंडाला टेकवायचा, मी दोरी ओढायची आणि मामाने ठिणगी बघायची. उन्हात ती दिसत नाही, म्हणून तो डोक्यावरून गोणपाट घेतो. पेट्रोलचा कॅन शेजारीच असतो. मामी तो मुकाट उचलून माडाखाली नेऊन ठेवते. या घराला अजून आग लागलेली नाही ती तिच्यामुळे. गोणपाटातून आवाज येतो, "निळी नाय. पिवळी आसा." पिवळी म्हणजे अशक्त. निळी, टक्कन वाजणारी हवी.

पॉइंट पुसायला मात्र लग्नपत्रिका लागते. पॉलिश पेपरने चरे पडतात. जाड, गुळगुळीत कागदाची पट्टी पॉइंटांच्या मधे घालून ओढली की काळं निघून येतं. माझ्या लग्नाची पत्रिका मामाने जपून ठेवलीय. सध्या ती वधूच्या नावापर्यंत संपलीय.

एकदा खालचं सिलिंडर मेलं. मामाने दोन्ही कॉइल वर-खाली अदलाबदल केल्या, तर खालचं जिवंत झालं आणि वरचं मेलं. "भूत वरच्या माळ्यार गेला!" म्हणजे दोष कॉइलमध्येच. या आनंदात नवी कॉइल आणायची असते हे तो दोन दिवस विसरला. मालवणातल्या मेकॅनिककडे ने म्हटलं की म्हणतो, "तो पार्ट बदलता. मी आजार शोधतंय."

बंद करायच्या बटणाची गोष्ट वेगळी. ते दाबलं की करंट मशीनच्या अंगात जिरतो आणि ठिणगी मरते. खारं पाणी शिरलं की न दाबताही तेच होतं. मामाने बटणाची वायर सोडवून बघितली, ठिणगी निळी आली, आणि वायर तशीच सुटी राहिली. तीन हंगाम तो चोक ओढून, गुदमरवून मशीन बंद करतोय. हे मला मुळीच पटत नाही. होडीतून माणूस पडला तर चोक शोधत बसणार का? मी नवं बटण नेऊन दिलं. ते बिस्किटांच्या डब्यात, 'टेस्टेड' प्लगांच्या शेजारी सुखाने आहे.

मल्टीमीटरही मीच दिला होता. "मीटर कशाक? भाचो आसा," मामा म्हणाला. खरंच आहे ते. लहानपणी ओल्या वाळूत अनवाणी उभं करून तो मला सांगायचा, "वायर धर वायच." दोरी ओढली की मी किंचाळून हात झटकायचो आणि मामा माझ्याकडे न बघता मामीला ओरडून सांगायचा, "करंट आसा गो!" एकदा रडत विचारलं, तू का धरत नाहीस? त्याने तळवा पुढे केला. वल्ह्याने आणि जाळ्याच्या दोरांनी त्याची पार वहाण झाली होती. "माझ्या हाताक कळणा नाय रे."

यंदा माझा मुलगा दहा वर्षांचा झाला. परवा मामाचा फोन आला. आधी त्याची इयत्ता विचारली, अभ्यास विचारला. मग हळूच म्हणाला, "झिलाच्या हाताक घाम येता काय रे?"