ओळख जपण्याची सोपी पद्धत (नवशिक्यांसाठी)

सर्वप्रथम घरातली सगळी कागदपत्रं एका पिशवीत गोळा करा. पिशवी शक्यतो सराफाकडची, चेनची असावी. आता प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि घरच्या ग्रुपवर टाका. खाली लिहा, "असू द्या, कधी लागतील सांगता येत नाही." तुमची ऑनलाइन ओळख तयार झाली. आता ती जपायची कशी, ते पाहू.

झेरॉक्सचं दुकान

दुकानदाराचा ई-मेल पत्ता भिंतीवर मोठ्या अक्षरांत चिकटवलेला असतो. त्यावर ई-आधार पाठवा. ही पीडीएफ कुलूपबंद असते, त्यामुळे तो मान वर न करता विचारेल, "पासवर्ड?" इथे नवशिके गडबडतात. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, कॅपिटलमध्ये, आणि पुढे जन्मसाल. पासवर्ड सगळ्यांचा याच रीतीचा. कुलूप मजबूत आहे, फक्त किल्ली दारावरच्या पाटीवर लिहिलेली आहे. तरी सांगताना आवाज खाली आणावा. रांगेतल्या लोकांना ऐकायला थोडं पुढे सरकावं लागलं की आपल्याला बरं वाटतं.

प्रिंट निघाली की म्हणा, "डिलीट करा हं." तो "हो" म्हणेल. स्क्रीनवर तुमच्या आधी आलेल्या पाचपन्नास जणांच्या फाइली दिसतील. त्यांनाही तो "हो" म्हणाला होता.

काही चिकित्सक मंडळी मास्क्ड आधार नेतात. त्यात बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चार दिसतात, आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर फुकट मिळतं. काउंटरवरचा माणूस ते उजेडात धरून पाहतो आणि "पूर्ण नंबरवालं आणा" म्हणतो. त्याचा दोष नाही. 27 मे 2022 रोजी यूआयडीएआयच्याच बंगळुरू कार्यालयानं पत्रक काढलं होतं की आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका, मास्क्ड द्या. 29 तारखेला सरकारनं ते मागे घेतलं. लोक भलताच अर्थ काढतील, त्यांनी आपली नेहमीची सावधगिरी बाळगली की पुरे, असा एकूण सूर होता. नेहमीची सावधगिरी म्हणजे "डिलीट करा हं".

(झेरॉक्सवर ती कशासाठी दिली आणि कधी, हे आडवं लिहून सही करावी. हे मी गंभीरपणे सांगतोय.)

बायोडाटा

हॅकरला जी माहिती महिनोन् महिने खपून गोळा करावी लागते, ती आपल्याकडे गणपतीच्या चित्राखाली एका पानात मिळते. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मठिकाण, उंची, रक्तगट, रास, देवक, कंपनी, पगार, फ्लॅट कुठे आणि कितवा मजला, वडिलांचा मोबाइल. आणि सर्वांत शेवटी मामा.

मामाकडे नवशिक्यांनी नीट लक्ष द्यावं. खातं परत मिळवताना बऱ्याच ठिकाणी एक गुप्त प्रश्न विचारतात, आईचं माहेरचं आडनाव काय? ज्यानं हा प्रश्न काढला त्याला आपलं मामाकूळ ठाऊक नसणार. आपण ते आडनाव गाव, तालुका, जिल्ह्यासकट छापतो, वधू-वर मेळाव्यात वाटतो आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकतो. पत्रिका जुळो न जुळो, गुप्त प्रश्नाचं उत्तर पाचशे घरांत पोचतं.

उपाय सोपा आहे. उत्तर खोटं द्या. आईचं माहेर : कोथिंबीर. यंत्राला चालतं. आईला सांगू नका.

कुणी म्हणेल, कायदा आहे की. आहे ना. 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं, 547 पानांत, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. मग 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. माहिती नीट न सांभाळणाऱ्याला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड. मी मोठ्या आशेनं वाचायला घेतला आणि तिसऱ्याच कलमाशी अडकलो. एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी माहिती वापरली तर तिला हा कायदा लागू नाही. म्हणजे बायोडाटा पुढे पाठवणारी मावशी सुटली.

पासवर्ड, ओटीपी वगैरे

मुलाचं नाव, ॲट, 123. बारशाची पत्रिका ज्यांना गेली त्यांना पहिला भाग माहीत आहे, उरलेला सगळ्यांनाच. व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन जन्मतारीख ठेवू नका. (ठेवाल.) ओटीपी कुणाला सांगू नका, हे वाक्य तर फोनवरचा भामटाही सुरुवातीला म्हणतो, विश्वास बसावा म्हणून. व्हिडिओ कॉलवर पोलीस अटक करत नाहीत. पैसे गेलेच तर आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि मग मेहुण्याला. पुढच्या खात्यातून रक्कम निघण्याआधी ती गोठवता आली तर आली, आणि मेहुणा अर्धा तास खातो.

पुसून टाकणं

एकदा बाहेर गेलेली माहिती परत कशी आणावी, असं नवशिके विचारतात. माझा अनुभव सांगतो. भाच्याचा बायोडाटा मीच टाइप केला होता, म्हणून 'संपर्क'मध्ये नंबर माझा. त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली, मुलगी बालवाडीत जाते. गेल्या महिन्यात तोच बायोडाटा कुठून कुठून फिरत माझ्या मावशीला आला आणि तिनं तो मला पाठवला : "मुलगा चांगला वाटतोय. बघ रे कुणी ओळखीत." ती लग्नाला होती, जेवणाला नावंही ठेवली होती. फोटो उघडला नाही म्हणे, डेटा जातो.

मी ग्रुपच्या ॲडमिनना लिहिलं, कृपया हे काढून टाका. त्यांनी अंगठा दाखवला आणि कोणता बायोडाटा ते सगळ्यांना कळावं म्हणून तो पुन्हा एकदा टाकला.

परवा सांगलीहून फोन आला. मुलाचं लग्न झालंय, असं मी सांगितलं. पलीकडचे गृहस्थ क्षणभर थांबले. मग म्हणाले, "बरं, त्याला धाकटा भाऊ वगैरे?"

माणसं घरंदाज वाटली. मी धाकट्याची जन्मवेळ सांगितली.