फटका, दंड आणि सही

गोल्फच्या सगळ्या नियमांचे मूळ एका वाक्यात मावते: चेंडू पडेल तिथून मारावा आणि मैदान असेल तसे सोसावे. हे वाक्य पाळणे माणसाला का जमत नाही, याचा तपशील म्हणजे बाकीचे पुस्तक. १७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ इथे चांदीच्या क्लबसाठी स्पर्धा भरली, तेव्हा १३ कलमांत काम भागले होते. चेंडू माणसाने, घोड्याने किंवा कुत्र्याने अडवला तर अडला तिथूनच मारायचा, हे त्यांतलेच एक. पुढे नियम वाढत वाढत ३४ झाले. आर अँड ए आणि यूएसजीए या दोन नियामक संस्थांनी २०१९ मध्ये ते २४ वर आणले. आकडा उतरला, प्रस्तुत लेखकाच्या खिशातल्या नियमपुस्तकाची जाडी काही उतरली नाही.

दंडाचे मुख्य प्रकार तीन. पहिला एका फटक्याचा: चेंडू तळ्यात गेला किंवा झुडपात असा अडकला की मारताच येईना, तर एक फटका वाढवून चेंडू बाहेर घ्यावा. चेंडू हरवलाच तर एक फटका वाढतोच, वर आल्या पावली परत जाऊन पहिल्या जागेवरून मारावे लागते. दुसरा दोन फटक्यांचा: दुसऱ्याचा चेंडू मारणे, बंकरमधल्या वाळूला सरावाच्या झोक्यात क्लब लावणे वगैरे. तिसरा म्हणजे थेट बाद. प्रस्तुत लेखकाला हा तक्ता तोंडपाठ आहे. त्याचा खेळ पाहता ते गरजेचेच होते, पण त्याने तो पाठ केला दुसऱ्यांसाठी. क्लबात त्याला ‘रूलबुक’ म्हणत. ही पदवी आहे असे तो बरीच वर्षे समजत होता.

हरवलेला चेंडू शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत, आता तीन मिळतात. चेंडू नव्याने जमिनीवर सोडायचा तर पूर्वी खांद्याच्या उंचीवरून सोडत, आता गुडघ्याच्या. २०१९ मध्येच मेक्सिकोतल्या एका स्पर्धेत रिकी फाउलरने सवयीने खांद्यापाशी हात नेला, चेंडू सोडला, मारला आणि एका फटक्याचा धनी झाला. चेंडू हवेत हातभर जास्त राहिल्याने कोणाचे काय बिघडले, हे नियमात सांगितलेले नाही.

नियमपुस्तकातला सर्वांत रसाळ भाग सुट्या अडथळ्यांचा, म्हणजे मैदानावर ज्याला ‘लूज इम्पेडिमेंट’ म्हणतात त्याचा. निसर्गातली जी वस्तू कशाला चिकटलेली नाही ती खेळाडूने बाजूला करावी, एवढेच हे प्रकरण. पण ‘एवढेच’ या शब्दावर पुस्तकाचा विश्वास नाही. गळलेले पान सुटे, फांदीवरचे पान सुटे नाही. मातीचे घट्ट ढेकूळ सुटे, भुसभुशीत माती सुटी नाही. दव सुटे नाही. बर्फ खेळाडूच्या मर्जीनुसार सुटा अडथळा किंवा साचलेले पाणी. कोळ्याचे जाळे दोन्ही टोकांनी चिकटलेले असले तरी सुटे. गांडूळ सुटे. मेलेला साप सुटा. जिवंत विषारी साप चेंडूपाशी बसला असेल, तर मात्र दंडाशिवाय लांबून खेळायची मुभा आहे, म्हणजे पुस्तक लिहिणारे अगदीच निर्दय नव्हते. जनावराने खणलेल्या बिळापासून सवलत मिळते, पण गांडुळाच्या बिळापासून नाही, कारण गांडूळ स्वतःच सुटा अडथळा ठरून बसले आहे. एका जिवाला दोन्हीकडून लाभ देणे पुस्तकाला मंजूर नसावे.

फळांचा विचार तर स्वतंत्र झाला आहे. झाडावेगळे झालेले फळ सुटा अडथळा होय. ते झाड त्या मैदानावर असलेच पाहिजे असे नाही. अर्धवट खाल्लेले फळ, चिरलेल्या फोडी आणि सोललेली साल यांनाही हाच दर्जा. म्हणजे नागपुरी संत्र्याची साल चेंबूरच्या मैदानावर चेंडूआड आली, तर ती निर्धास्त उचलावी. तेच संत्रे खेळाडूच्या हातात असेल तर मात्र ते त्याचे ‘साहित्य’. आकाराची अट नसल्याने १९९९ साली फिनिक्सच्या स्पर्धेत टायगर वुड्सच्या वाटेतला प्रचंड दगडही सुटा अडथळा ठरला आणि तो प्रेक्षकांनी मिळून ढकलला. प्रस्तुत लेखकाच्या मदतीला एवढे प्रेक्षक कधी आले नाहीत. लग्नाच्या पंगतीत तो हे प्रकरण ऐकवायला लागला, की माणसे मठ्ठा आणायला उठत.

सल्ल्याचा नियम मराठी माणसाच्या मुळावर येणारा आहे. स्पर्धेत दुसऱ्या खेळाडूला ‘कोणता क्लब घेतलास?’ असे विचारले तर विचारणाऱ्याला दोन फटके. न विचारता ‘खांदा पडतोय तुमचा’ असे सांगितले तर सांगणाऱ्याला दोन. ऐकणारा मोकळा. फुकटच्या सल्ल्याचे मोल देणाऱ्याकडून वसूल करणारी अशी दुसरी व्यवस्था सापडणे कठीण. सल्ला मागावा तो फक्त आपली बॅग वाहणाऱ्या कॅडीकडे किंवा जोडीदाराकडे.

कॅडी हा स्वतंत्र विषय आहे. कॅडीने नियम मोडला तर दंड खेळाडूला. २००१ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी इयन वूस्नमच्या बॅगेत १४ ऐवजी १५ क्लब निघाले. ‘ड्रायव्हर’ नावाचा जास्तीचा क्लब कॅडीच्या नजरेतून सुटला होता. दोन फटके वूस्नमला बसले. कॅडीची चूक खेळाडूच्या नावावर लागते. कॅडीचे शहाणपण कोणाच्या नावावर लागते, याबद्दल नियम गप्प आहेत.

क्लबच्या एका मासिक मेडल स्पर्धेत चौदाव्या होलला प्रस्तुत लेखकाचा चेंडू शिरीषाखाली वाळक्या शेंगांत जाऊन बसला. शेंग सुटी, हे त्याला झोपेतही सांगता आले असते. त्याने ती दोन बोटांत धरून ओढली, आणि चेंडू अर्धा वळसा घेऊन खाली बसला. इतर तिघे पलीकडच्या बंकरपाशी होते. रूलबुकने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. दुसऱ्याच्या बाबतीत हा निकाल त्याने चाळीस पावलांवरून ओरडून दिला असता. पन्नाशीचा कॅडी क्लबचे तोंड फडक्याने पुसत होता. मान वर न करता तो म्हणाला, “साहेब, परत जागेवर ठेवा. एकच जाईल. तसाच मारलात तर दोन.”

निकाल अचूक होता. ते पुस्तक कॅडीने कधी उघडले नव्हते; वीस-बावीस वर्षे दुसऱ्यांच्या बॅगा वाहताना ते त्याच्या कानांवरून गेले होते. सुट्टीच्या सोमवारी मैदान कॅडींना मिळते, तेव्हा तो प्रस्तुत लेखकापेक्षा बऱ्याच कमी फटक्यांत घरी येतो. एरवी क्लबहाउसच्या पायरीपुढे त्याला जाता येत नाही. हे कोणत्याही नियमपुस्तकात नाही, आणि याइतका काटेकोर पाळला जाणारा नियम त्या आवारात दुसरा नाही.

शेवटचा विषय स्कोअरकार्डाचा. खेळाडूने प्रत्यक्षापेक्षा कमी आकड्यावर सही केली तर तो बाद. जास्त आकड्यावर केली तर तो आकडा कायम. १९६८ च्या मास्टर्समध्ये रोबेर्तो दे विचेन्सोने सतराव्या होलला तीन फटके घेतले, ते लोकांनी टीव्हीवर पाहिले. कार्ड लिहिणाऱ्या सहखेळाडूने चार लिहिले आणि दे विचेन्सोने सही केली. चार कायम झाले, बरोबरी हुकली, बॉब गोल्बी जिंकला. त्या दिवशी दे विचेन्सोचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. इथे नियमाची टर उडवणे जमत नाही.

सहीच नसेल तर, स्थानिक सवलत नसल्यास, खेळाडू बाद. त्या मेडलच्या दिवशी पायरीपाशी बॅग उतरवताना कॅडीने विचारले होते, “साहेब, सही?” “हो, हो,” म्हणत प्रस्तुत लेखक आत गेला, कार्ड पेटीत टाकले आणि आपल्या प्रामाणिकपणाची हकीकत तीन टेबलांवर सांगितली. कॅडीचा उल्लेख एकाही टेबलावर आला नाही. समितीने परत केलेले ते कार्ड आता नियमपुस्तकात खुणेला आहे. चौदाव्या होलच्या दंडाखाली दोन रेघा आहेत. सहीची जागा मोकळी.